जवळ्याचे डोळे

मंगळवार, चार फेब्रुवारी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रिद्धी तामोरे मोरीच्या उंबऱ्यात पडली. आवाज तिच्या आईने ऐकला. बादली कलंडली असेल असं समजून ती सुक्या मासळीची टोपली बांधत राहिली. पाणी वाहत पायापर्यंत आलं तेव्हा ती उठून आत गेली. मधे तीन-चार मिनिटं गेली असावीत, असं ती सांगते.

मंजुळा तामोरेचं वय एकोणपन्नास. घिवलीच्या किनाऱ्यावर ती वाढली आणि लग्न होऊन तिथेच चार घरं पलीकडे गेली. तीस वर्षं तिने डोक्यावरून मासळी वाहिली. आधी ओली, गेली बारा वर्षं सुकी. वजन कसं उचलायचं हे तिला कोणी शिकवायला नको. तरी त्या सकाळी मुलीला उचलताना तिचा तोल मागे गेला. बावीस वर्षांच्या मुलीचं म्हणून जेवढं वजन धरून तिने जोर लावला होता, तेवढं वजन तिथे नव्हतं.

बोईसरच्या दवाखान्यात नाडीचे ठोके चव्वेचाळीस भरले. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून पालघरला न्यायला सांगितलं. पालघरला काट्यावर आकडा आला छत्तीस किलो शंभर ग्रॅम. डॉक्टरांनी मंजुळाला पडद्याबाहेर बोलावून विचारलं, पाळी कधीपासून बंद आहे. मंजुळाला माहीत नव्हतं. आतून रिद्धीनेच उत्तर दिलं, पाच महिने.

आजाराचं नाव डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मंजुळाला ते धरता आलं नाही. अर्थ मात्र तिने त्याच दुपारी फोनवर नवऱ्याला सांगितला. कृष्णकांत सातपाटीच्या एका बोटीवर खलाशी होता आणि बोट नुकतीच बंदराला लागली होती. ती म्हणाली, "पोरीला भूक लागते. पण ती खात नाय. मुद्दाम नाय खात."

पलीकडे इंजिन चालू होतं. त्या आवाजातून त्याने विचारलं, "आपल्या घरात?"

रिद्धी बी.एस्सी. झालेली, घरातली पहिली. दीड वर्षापासून ती बोईसरच्या एका औषध कंपनीत, तपासणीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ होती. पावडर तोलायची आणि आकडा लिहायचा, दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत, हे तिचं काम. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तिने घरी स्वयंपाकाचा छोटा काटा आणला. आधी तळलेलं सुटलं, मग भात, मग मासे. मासे सुटले तेव्हा श्रावण होता, त्यामुळे कोणी काही म्हटलं नाही. श्रावण संपला, गणपती गेले, नवरात्र झालं, तरी तिने मासे धरले नाहीत. शेजारच्या बायकांना तो नवस वाटला आणि त्यांनी कौतुक केलं. तुळशीच्या लग्नानंतर एका हळदीत तीन जणींनी तिला गाठून विचारलं, एवढी बारीक कशी झालीस, आम्हालाही सांग. मंजुळा शेजारी उभी होती. तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे ती आता कोणी न विचारता सांगते.

सहा दिवसांनी रिद्धीला घरी सोडलं. कंपनीत रजेचा अर्ज गेला. दर गुरुवारी पालघरला यायचं ठरलं. अकरा वाजता मनाचे डॉक्टर, बारा वाजता आहाराच्या मॅडम. आकडा पस्तीसच्या खाली गेला तर पुन्हा भरती, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

आहाराच्या मॅडम म्हणजे प्रियदर्शिनी, तिशीतली, लातूरकडची. तिच्या टेबलावर छापील तक्ता होता, पण तो तिने बाजूला सारला आणि घरात काय शिजतं ते विचारलं. कोऱ्या कागदावर गोल काढून त्याचे भाग केले. एकात भाकरी किंवा भात, एकात डाळ, अंडं, मासे यांपैकी काही, उरलेल्यात भाजी आणि फळ. दर तीन तासांनी थोडं थोडं. एकदम भरवायचं नाही, कारण इतके महिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर त्याचाच त्रास होतो. मग तिने मंजुळाला तीन गोष्टी पाळायला सांगितल्या. जेवताना रिद्धीसोबत बसायचं. ताटावर वजनाचा विषय काढायचा नाही. आणि ताटात जे असेल ते रिद्धीला माहीत असलं पाहिजे.

पहिल्या दोन मंजुळाने घोकून ठेवल्या. तिसरीत सांगण्यासारखं काय आहे, ते तिला कळलं नव्हतं. ताटात काय आहे ते दिसतंच.

रिद्धी स्वतः पीठ मोजायची. डब्यातून वाटीत, वाटी काट्यावर, चाळीस ग्रॅमला हात थांबायचा. मंजुळा त्याची भाकरी थापायची. अशा दिवसाला तीन. सोबत डाळ, दुधी, एक केळं. केळ्याला तिला चाळीस मिनिटं लागायची. खाऊन झालं की ती वहीत लिहायची आणि गोधडी घेऊन उन्हात बसायची. फेब्रुवारी संपत आला होता, अंगणात बांबूंवर बोंबील कडकडीत वाळत होते, आणि ही गोधडीत.

वीस तारखेच्या गुरुवारी आकडा आला छत्तीस किलो पाचशे. घरी सोडताना तो छत्तीस चारशे होता, म्हणजे दहा दिवसांत शंभर ग्रॅम. प्रियदर्शिनी म्हणाली की हे पुरेसं नाही. हाडांची काळजी वाटते. मासे अजिबात जाणार नाहीत का, तिने रिद्धीला विचारलं. रिद्धीने नकाराची मान हलवली. प्रियदर्शिनीने आग्रह केला नाही. रिद्धी औषधं आणायला खिडकीवर गेली तेव्हा प्रियदर्शिनीने सहज बोलावं तसं मंजुळाला विचारलं, तुम्ही काय काय विकता. मंजुळाने नावं घेतली. जवळ्याच्या, त्या तांदळाएवढ्या बारीक सुक्या कोळंबीच्या, नावाला प्रियदर्शिनीने तिला थांबवलं.

"मावशी, सुक्या जवळ्यात दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं. प्रथिनंही भरपूर. दिवसाला एक चमचा जरी पोटात गेला असता ना, तरी फरक पडला असता."

शिकलेल्या माणसाने आपल्या टोपलीतल्या मालाचं असं नाव काढलेलं मंजुळाने तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. परतीच्या एसटीत ती तेच धरून बसली.

बोईसरच्या बाजारात तिच्या शेजारी साखरबाई बसते. साठीची, दांडी गावची, तोंडाची फटकळ. शुक्रवारी गिऱ्हाईक पातळ झाल्यावर मंजुळाने तिला सगळं सांगितलं. साखरबाईने आधी स्वतःवरून सुरुवात केली. "मॅडमला सांग, आमचं पण वजन कर. टमटमवाला मला मागं एकटीलाच बसवतो. म्हणतो, मावशी, टायर नवा हाय."

मंजुळा हसली नाही, तेव्हा तीही गंभीर झाली. म्हणाली, "दात येत होते तेवा पोरीला काय दिलंस? पेजेत जवळ्याची पूडच दिलीस ना? तवा तिनं विचारलं का, आये, यात काय हाय म्हणून?"

बावीस तारखेला, शनिवारी, रिद्धी उन्हात झोपलेली असताना मंजुळाने जवळा मंद विस्तवावर भाजला, फडक्यात चोळला, मिक्सरमधून दोनदा काढला आणि मैद्याच्या चाळणीने चाळला. ती पूड तिने तांदळाच्या पिठाच्या डब्यात घातली आणि कोपरापर्यंत हात घालून पीठ खालीवर केलं. वासाची तिला काळजी नव्हती. घर, अंगण, पांघरुणं, रिद्धीची ओढणी, सगळ्यालाच तो वास होता. त्या घरात भाकरीला जवळ्याचा वास आला असता तरी तो भाकरीचा म्हणून कोणी ओळखला नसता.

रिद्धी रोज चाळीस ग्रॅम मोजत राहिली. सत्तावीस तारखेला छत्तीस सातशे. सहा मार्चला सदतीसला शंभर ग्रॅम कमी. तेरा मार्चला सदतीस तीनशे. मनाच्या डॉक्टरांनी रिद्धीला शाबासकी दिली. रिद्धीने वही उघडून दाखवली. खाणं वाढवलेलं नव्हतं, तरी वजन वाढलं होतं, आणि त्याने आपलं काही वाईट झालं नाही, असं ती स्वतः म्हणाली. डॉक्टरांना हे महत्त्वाचं वाटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मंजुळाला राहवलं नाही. त्या दुपारी रिद्धी बाटलीत पाणी भरायला गेली तेवढ्यात तिने प्रियदर्शिनीला सांगून टाकलं. सांगताना ती हसत होती.

प्रियदर्शिनीने पेन खाली ठेवलं.

"तिला सांगा, मावशी. आजच. तुम्ही स्वतः सांगा, तिला सापडायच्या आत."

"पण वाढतंय ना, मॅडम."

"वाढतंय. पण ती जे खातेय ते तिने ठरवलेलं आहे, एवढ्याच भरवशावर खातेय. तो गेला तर भाकरीही जाईल." मग ती म्हणाली, "चूक माझीही आहे. मी तुमच्यापाशी ते बोलायला नको होतं."

त्या संध्याकाळी होळी होती. घिवलीला होळी म्हणजे घरटी माणूस किनाऱ्यावर. आजारपणात दवाखान्याखेरीज कुठेच न गेलेली रिद्धी त्या दिवशी स्वेटर घालून आली, होळीला नारळ वाहिला, मैत्रिणींजवळ उभी राहिली. जाळाने तिच्या गालांवर रंग आल्यासारखा दिसत होता. मंजुळाने ठरवलं, आज नको. दुसऱ्या दिवशी धुळवड होती. तेव्हाही नको.

पंधरा मार्च, शनिवार, सकाळी साडेअकरा. मंजुळा बाजारातून लवकर आली, कारण माल संपला होता. रिद्धी ओट्यापाशी पाटावर बसली होती. समोर पांढऱ्या कागदावर वाटीभर पीठ पसरलेलं होतं आणि त्यातून तिने आगपेटीच्या काडीने काळे ठिपके वेगळे केले होते. राईच्या दाण्याहूनही बारीक, सगळे सारखे. आधी तिला वाटलं होतं पिठाला किडे लागले. मग तिने एक ठिपका बोटावर घेऊन उजेडात धरला होता. शहरातल्या मुलीला ते कळलं नसतं. जवळा कितीही बारीक दळला तरी त्याचे डोळे दळले जात नाहीत, आणि ते चाळणीतूनही पडतात. लहानपणी मासळी सुकवायच्या खळ्यावर पालथी पडून तिने ते हजारो वेळा पाहिले होते.

"हे काय हाय?"

"जवळा."

"किती दिवस?"

मंजुळाने खोटं सांगितलं नाही. "बावीस."

"डब्याला किती?"

"मोजला नाय."

"मोजला नाय," रिद्धी म्हणाली. तिने वही उघडली आणि बावीस दिवसांच्या पानांवर एकेक आडवी रेघ मारत गेली. आवाज चढला नाही, रडणं नाही. मंजुळा म्हणते, ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मंजुळाने बाजू मांडली. वजन वाढलं, डॉक्टर खूश झाले, तूच म्हणालीस काही वाईट झालं नाही. ती बोलत असताना रिद्धीने मोबाइल पुढे केला. गेल्या मे महिन्यातल्या लग्नाचा फोटो होता, कोणीतरी मागून काढलेला. मांडवाच्या वाटेवर दोघी चालत होत्या, एकाच कापडातल्या साड्या, हातात नारळाची परात. रिद्धीने तो आपल्या प्रयोगशाळेतल्या ग्रुपवर टाकला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, मागून ओळखा, आई कोणती? त्यावर सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले होते. त्यानंतरच्या महिन्यात काटा घरात आला होता.

मंजुळाने फोटो बराच वेळ पाहिला. दोघींच्या पाठी, मान, पाऊल टाकायची रीत, सगळं एक होतं. तिला तो फोटो आवडला. ते ती बोलली नाही.

"मला तुझ्यासारखं नाय व्हायचं, आये," रिद्धी म्हणाली. हळू, समजावून सांगावं तशी. "म्हणून तुझ्या हातचं नको."

त्या दिवसापासून रिद्धीने बंद पाकिटातलं पीठ आणायला सुरुवात केली. पाकीट कपाटात, किल्ली गळ्यात. भाकरी स्वतः थापायची, आणि त्या तीनच्या दोन झाल्या, मग एक. डाळीचा कुकर आईने लावला असेल तर डाळ नाही. वीस मार्चला छत्तीस सहाशे. सत्तावीसला छत्तीसला शंभर ग्रॅम कमी. मनाच्या डॉक्टरांनी दोघींना एकत्र बसवलं. मंजुळाने हात जोडून माफी मागितली. रिद्धीने माफ केलं असं म्हटलं आणि घरी येऊन पुन्हा कपाटाला किल्ली लावली.

कृष्णकांत अठरा मार्चला घरी आला होता. मंजुळा पिठाचा डबा उकिरड्यावर ओतायला निघाली तेव्हा त्याने तो हातातून काढून घेतला. पाच दिवस त्याने त्याच पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, न बोलता, डबा संपेपर्यंत. मुलीला त्याने एवढंच सांगितलं की तुझ्या आयने चुकीचं केलं, मला ठाऊक हाय. बायकोला तेवढंही बोलला नाही. तेविसाव्या तारखेला तो बोटीवर गेला.

या सगळ्यात मंजुळाचं जेवण सुटत गेलं. आधी ते तिच्या ध्यानातही आलं नाही. पोरीने नाकारलेली डाळ समोर घेऊन बसायचं आणि तशीच झाकून ठेवायची. पोलक्याचे दंड सैल झाले. साडीला एक निरी जास्त पडायला लागली. बाजारात साखरबाई म्हणाली, "टमटमवाला माझ्यासंगट बसवायला लागला तुला. काय चाललंय तुझं?"

पाच एप्रिलला, शनिवारी सकाळी, मंजुळा आरशासमोर पदर खोचत होती. दारातून रिद्धीने पाहिलं. तीन आठवड्यांत ती आईशी कामापुरतंच बोलली होती.

"आये, बारीक झालीस तू," ती म्हणाली. "बरी दिसतेस."

मंजुळाने त्या दिवशी केस पुन्हा विंचरले. बाजारात तिने दुप्पट माल विकला. रात्री तिने भाकरी केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता ते विसरणं नव्हतं. तिने मनाशी हिशोब मांडला होता आणि तो तिला सरळ वाटला. पोरगी मला भिते. मी निम्मी झाले तर भ्यायचं कारण निम्मं होईल. संध्याकाळी ती चहा घ्यायची आणि रिद्धीच्या शेजारी ओट्यावर बसायची. रिद्धी उठून जात नसे. एकदा तिने आईच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट लावून पाहिलं, टोकं कुठे भिडतात ते. दोघी हसल्या. जूनपासून त्या दोघी एकत्र हसल्या नव्हत्या.

तीन एप्रिलचा आकडा पस्तीस चारशे होता. दहाला महावीर जयंतीची सुट्टी, दवाखाना बंद. सतराला पस्तीस शंभर.

रिद्धी मनाच्या डॉक्टरांकडे आत असताना प्रियदर्शिनी बाकावर बसलेल्या मंजुळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा काट्यावर या."

फेब्रुवारीत सहज म्हणून केलेल्या नोंदीत मंजुळाचे एकोणऐंशी किलो होते. आता एकाहत्तर आठशे. प्रियदर्शिनीने काही विचारायच्या आधीच मंजुळाने सांगितलं. मनगटाचंही सांगितलं. ती लपवून काही करत नव्हती, उलट यावेळी बरोबर केलंय अशी तिची खात्री होती.

प्रियदर्शिनी म्हणाली की हे तिला तिच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवलं नव्हतं. मग तिने सावकाश समजावलं. रिद्धी दिवसभरात एकाच माणसाचं ताट बघते, आईचं. ते रिकामं दिसतं तेव्हा न खाणं बरोबर आहे असं तिला दिसतं. आई जवळ आली, हसली, म्हणजे त्याचं बक्षीसही मिळालं.

"मग मी काय करू?"

"जेवा. तिच्यासमोर. पोटभर, पूर्वी जेवत होता तसं."

"मला बघून ती उठून जाईल."

"जाऊ शकते."

"पुन्हा बोलायची नाय माझ्याशी."

मंजुळाने पदराने चेहरा पुसला. मग काट्यावरून उतरता उतरता तिने विचारलं, "मॅडम, माझ्यासारखं होणं एवढं वायट हाय का?"

"नाही," प्रियदर्शिनी म्हणाली. फार पटकन म्हणाली, असं तिचं तिलाच वाटलं.

शुक्रवार तसाच गेला. मंजुळा दोनदा ताट घेऊन बसली आणि दोनदा उठली.

एकोणीस एप्रिल, शनिवार. संध्याकाळी सहा वाजता तिने चूल पेटवली आणि रिद्धीला आत बोलावलं. रिद्धी दारात उभी राहिली. मंजुळाने सुरी आणि न उघडलेलं पिठाचं नवं पाकीट तिच्याकडे सरकवलं. रिद्धीने पाकीट फोडलं, स्वतःपुरतं मोजलं, आपली भाकरी थापून भाजली, बाजूला झाली. उरलेलं पीठ मंजुळाने परातीत घेतलं आणि प्रत्येक गोष्ट टाकताना मोठ्याने बोलत गेली. हे पीठ. हे गरम पाणी. हे मीठ, एक चिमूट. बाजूला डाळ होती. तिच्यात काय काय आहे तेही सांगितलं. हळद. लसूण. तेल दोन चमचे. तेलाचंही तिने लपवलं नाही.

"आन हे माझं," ती म्हणाली आणि दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. ओल्या बोंबलाचं कालवण होतं.

पावणेसातला दोन ताटं मांडली. रिद्धीच्या ताटात एक भाकरी, डाळ, काकडी. मंजुळाच्या ताटात दोन भाकऱ्या, कालवण, भात. ती मांडी घालून बसली. तीस वर्षं तिने जेवण म्हणजे उरकायची गोष्ट समजली होती. बाजारात उभ्या उभ्या, घरी सगळ्यांच्या नंतर, पाठमोरी. कोणी समोर बसून आपल्याला जेवताना बघेल याची तिला सवय नव्हती. तरी तिने पहिला घास घेतला.

रिद्धी बघत होती. आईची बोटं, जबडा, गळा. तिच्या चेहऱ्यावर किळस होती की दुसरं काही, हे मंजुळाला सांगता येत नाही, कारण तिने मान वर केली नाही. तिने पहिली भाकरी संपवली. कालवण पुन्हा वाढून घेतलं. दुसरी भाकरी घेतली.

"आये, पुरे," रिद्धी म्हणाली.

"भूक हाय मला," मंजुळा म्हणाली आणि जेवत राहिली.

साडेसातला मंजुळाचं ताट रिकामं झालं. रिद्धीने आपली भाकरी मधोमध मोडली होती. एक तुकडा डाळीत बुडवलेला होता. तोंडात गेलेला नव्हता. पुढचं वजन गुरुवारी, चोवीस तारखेला होणार होतं. आठ वाजता कृष्णकांतचा बोटीवरून फोन आला तेव्हा दोघी ताटांवर समोरासमोर बसलेल्या होत्या. फोन वाजून बंद झाला. दोघींपैकी कोणी उठलं नाही.